सरकारी शाळेत मिळतं काय? तालुक्याच्या गावातल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

जिल्हा परिषदेच्या शाळेवर आधी गुरुजी आणि मग मुख्याध्यापक म्हणून नोकरी झाली. निवृत्त होऊन घरी बसलो, तरी बाजाराच्या दिवशी कोणी ना कोणी पिशवी खाली ठेवून विचारतंच, "सर, ते नवोदयचं काय झालं?" तेच ते प्रश्न, म्हणून एकदाचं लिहून काढतोय. आमच्यासारख्या गावात दोन प्रकारच्या सरकारी शाळा असतात. गावात नगरपरिषदेच्या, आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर जिल्हा परिषदेच्या. मालक वेगळा असला तरी योजना बहुतेक सारख्याच.

पहिलीत नाव घालायला वय किती लागतं? जन्माचा दाखला काढलेलाच नाही.

ज्या वर्षी शाळेत घालायचं, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलाला सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत. म्हणजे नोव्हेंबरात सहा पूर्ण होणारं पोरगंही जूनमध्ये पहिलीत बसतं. घाई करून पाच वर्षांचं पोर सहाचं दाखवू नका. दहावीनंतर ती चुकीची तारीख आयुष्यभर निस्तरावी लागते.

जन्मदाखला नसेल तर अंगणवाडीतली नोंद, दवाखान्यातली किंवा नर्सबाईंच्या रजिस्टरमधली नोंद चालते. तीही नसेल तर पालकांचं स्वयंघोषणापत्र. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही, हे शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलेलं आहे. हा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. आधार कार्डावरही प्रवेश अडत नाही, मात्र पुढे शिष्यवृत्तीच्या वेळी अडतं. म्हणून नाव घालतानाच आधारवरचं नाव, जन्मदाखल्यावरचं नाव आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव अक्षराला अक्षर जुळवून घ्या. आडनावातली एक वेलांटी पुढे चार हेलपाटे घालायला लावते.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी शाळेत 'पहिले पाऊल' नावाचा मेळावा भरतो. पोराला घेऊन जरूर जा. ती परीक्षा नसते. उड्या मारणं, रंग ओळखणं, वस्तू मोजणं असले प्रकार करून घेतात आणि जूनपर्यंत घरी काय करून घ्यायचं ते आईला सांगतात.

फी नाही म्हणतात, मग मधूनमधून पैसे कशाचे मागतात?

आठवीपर्यंत फी नाही, प्रवेशासाठी देणगी नाही, पाठ्यपुस्तकं बालभारतीची आणि फुकट. वह्या मात्र तुमच्या तुम्ही आणायच्या. कुठे सहलीला, कुठे स्नेहसंमेलनाला वर्गणी काढतात, ती ऐच्छिक असते. दिली नाही म्हणून मुलाला बाहेर उभं केलं तर ते चूक आहे. तसं झालं तर थेट मुख्याध्यापकांना विचारा, पोरासमोर नको.

गणवेश कधी मिळतो?

वर्षाला दोन. पूर्वी सगळ्या मुलींना, आणि मुलांमध्ये अनुसूचित जाती-जमाती व दारिद्र्यरेषेखालच्यांना मिळायचे. २०२३-२४ पासून राज्याने सगळ्यांनाच लागू केले. पुढच्याच वर्षी सगळ्या राज्याचं कापड एकाच ठिकाणाहून आणायचा घाट घातला गेला. कुणाला सदरा मोठा, कुणाला चड्डी लहान, आणि बऱ्याच शाळांत पंधरा ऑगस्टला मुलं जुन्याच कपड्यांत. डिसेंबर २०२४ मध्ये शासनानं हे काम परत पालकांचा भरणा असलेल्या शाळा व्यवस्थापन समितीकडे सोपवलं. आता गावातल्याच टेलरकडे मापं जातात, तेच बरं.

खिचडीत नेमकं काय असतं? डबा द्यावा का?

पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. वर डाळ-कडधान्य, तेल, भाजी. लहान्यांना ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, मोठ्यांना ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत हा हिशेब. योजनेचं नाव आता प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असं झालंय, गावात मात्र ती खिचडीच. ताट वाढण्याआधी शिक्षकानं आणि एखाद्या पालकानं चव घ्यायची असा नियम आहे. महिन्यातून एक दिवस तो पालक तुम्ही व्हा. पातळ डाळ कधी दाट होते ते कळेल.

सेमी इंग्रजी घ्यावं की साधं मराठी?

सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. इंग्रजी हा विषय तर राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच आहे. माझं मत विचाराल तर वर्गाच्या पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा शिकवणारं माणूस कोण आहे ते बघा. सेमीच्या वर्गात बाई 'न्युमरेटर' म्हणतात आणि पोरं वरचा आकडा-खालचा आकडा म्हणून गणित सोडवतात, असे वर्ग मी पाहिले आहेत. आणि साध्या मराठी शाळेतून निघून पुण्यात अभियांत्रिकीला गेलेली मुलंही पाहिली आहेत. मूल दुसरी-तिसरीत असताना त्याला मराठीत एक पान अडखळत न वाचता येत नसेल, तर सेमीचा आग्रह सोडा.

शिष्यवृत्तीची परीक्षा आता कितवीला?

सगळ्यांचा गोंधळ इथेच आहे. ही परीक्षा १९५४-५५ पासून चालू आहे. तुमच्या-आमच्या वेळी चौथी आणि सातवीला असायची. २०१६-१७ मध्ये ती पाचवी आणि आठवीला नेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये शासनानं ती परत चौथी आणि सातवीला आणायचं ठरवलं, २०२६-२७ पासून. म्हणजे मूल तिसरीत असेल तर तयारी आत्ताच.

दोन पेपर असतात, प्रत्येकी ७५ प्रश्न आणि १५० गुण. पहिल्यात मातृभाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. भाषेचे २५ प्रश्न, गणिताचे ५०. तसेच इंग्रजीचे २५, बुद्धिमत्तेचे ५०. गणित आणि बुद्धिमत्ता मिळून ३०० पैकी २०० गुण होतात. तरी पालक क्लास लावतात इंग्रजीचा! मोठ्या गटाच्या पेपरात काही प्रश्नांना दोन बरोबर पर्याय असतात आणि दोन्ही गोल रंगवले तरच गुण मिळतात. हुशार मुलं तिथेच घसरतात.

रक्कम पूर्वी इतकी तुटपुंजी होती की बँकेत जायच्या रिक्षाला पुरत नसे. २०२३ मध्ये ती वाढवली: लहान गटाला वर्षाला ५,००० रुपये तीन वर्षं, मोठ्या गटाला वर्षाला ७,५०० रुपये दोन वर्षं. परीक्षा फी बऱ्याच जिल्हा परिषदा आपल्या निधीतून भरतात, शाळेत विचारून घ्या. नुसते पैसे म्हणून या परीक्षेकडे बघू नका. बुद्धिमत्तेच्या पेपराची सवय लागलेलं पोर पुढच्या सगळ्या परीक्षांत पुढे राहतं.

एनएमएमएस म्हणजे तीच शिष्यवृत्ती का?

नाही, ही वेगळी, आणि माझ्या मते सरकारी शाळेतल्या मुलाला मिळणारी सगळ्यांत मोठी. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

एनएमएमएस म्हणजे 'नॅशनल मीन्स-कम-मेरिट स्कॉलरशिप', गरीब घरच्या हुशार मुलांसाठीची शिष्यवृत्ती. ही केंद्र सरकारची योजना, २००८ पासूनची. परीक्षा आठवीत असताना होते, महाराष्ट्रात ती पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. निवड झाली की नववी ते बारावी, चार वर्षं, महिन्याला १,००० रुपये. वर्षाचे १२,०००, चार वर्षांचे ४८,०००. राज्याचा कोटा ११,६८२ मुलांचा आहे. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीत ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातीला ५० टक्के चालतात. मूल सरकारी, नगरपरिषद-जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळेतलंच असायला हवं. विनाअनुदानित इंग्रजी शाळेतल्या मुलाला ही परीक्षा देताच येत नाही. शेजाऱ्याच्या पिवळ्या बसकडे बघून ज्यांना वाईट वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं.

पेपर दोन: बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता. प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. शालेय क्षमतेत विज्ञान, समाजशास्त्र आणि गणित, सातवी-आठवीच्या पुस्तकातलंच. पात्र व्हायला दोन्ही मिळून ४० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ३२. नुसतं पात्र होणं म्हणजे निवड नव्हे. निवड कोट्याप्रमाणे गुणवत्तेनं होते, म्हणून तयारी ४० टक्क्यांची करू नका.

आता जिथे पोरं हातची शिष्यवृत्ती घालवतात ते सांगतो. परीक्षेत निवड झाली की पैसे आपोआप येत नाहीत. नववीत गेल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर वेगळा अर्ज भरावा लागतो, आणि दहावी, अकरावी, बारावीला दर वर्षी नूतनीकरण. खातं मुलाच्या नावाचं आणि आधार जोडलेलं हवं. नेमक्या याच वेळी मूल आमच्या आठवीपर्यंतच्या शाळेतून हायस्कूलला गेलेलं असतं. जुनी शाळा म्हणते आता तुमचं मूल आमच्याकडे नाही, नव्या शाळेला माहीतच नसतं की हे पोर निवडलं गेलंय. माझ्या शाळेतली एक मुलगी अशीच राहिली. निकाल लागला तेव्हा आम्ही पेढे वाटले, फळ्यावर नाव लिहिलं, आणि फॉर्म नव्या शाळेनं भरला असेल असं मी धरून चाललो. डिसेंबरात तिचे वडील विचारायला आले तेव्हा पोर्टल बंद झालेलं होतं. त्यानंतर दर ऑगस्टला निवड झालेल्या प्रत्येक मुलाच्या घरी मी स्वतः फोन लावायचो.

आणखी दोन अटी. नववीनंतर मूल विनाअनुदानित शाळेत गेलं तर शिष्यवृत्ती बंद होते. आणि दहावीला ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ५५, नाहीतर अकरावी-बारावीचे हप्ते थांबतात.

नवोदयला नंबर लागावा यासाठी काय करावं?

नवोदय म्हणजे केंद्र सरकारची सहावीपासूनची निवासी शाळा. पाचवीत असताना अर्ज, तोही त्याच जिल्ह्यातल्या शाळेत शिकत असेल तरच. एका मुलाला एकच संधी. मुद्दाम पाचवीत पुन्हा बसवून दुसऱ्यांदा अर्ज करता येत नाही. अर्जाला फी नाही. परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न, १०० गुण: मानसिक क्षमतेला ५०, अंकगणिताला २५, भाषेला २५. परीक्षा मराठीतून देता येते. शाळा जिल्ह्याला एक आणि जागा ८०. त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना.

ग्रामीण राखीव जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली हवीत. आमच्या गावात हे फार घडतं: वाडीवरचं पोर चौथीपर्यंत जिल्हा परिषदेत असतं आणि पाचवीला 'चांगल्या शाळेत' म्हणून नगरपरिषद हद्दीत आणतात. त्या एका वर्षानं ते शहरी गटात जातं. नवोदयचा विचार असेल तर पाचवी वाडीवरच होऊ द्या.

देशातल्या पहिल्या दोन नवोदय शाळांपैकी एक आपल्या अमरावतीची. राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं सगळं शाळेचं. नववीत काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात. आया रडतात, पण पोरं परत येतात ती हिंदी फाडफाड बोलत. पाचवीतलं लेकरू घरापासून लांब राहील का, हा प्रश्न अर्ज भरायच्या आधी घरात बोला, निकालानंतर नको.

सैनिकी शाळा?

सहावी आणि नववीसाठी प्रवेश परीक्षा असते. सातारची सैनिक शाळा १९६१ सालची, देशातली पहिली. चंद्रपूरलाही एक आहे. मुलींनाही प्रवेश आहे. फी मात्र आहे आणि ती बरीच आहे. राज्य शासनाच्या शिष्यवृत्तीची चौकशी आधी करा.

मुलीसाठी वेगळं काय?

ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट, अहिल्याबाई होळकर योजनेतून. शाळेचा बोनाफाईड घेऊन आगारात जायचं. मागास म्हणून ठरलेल्या १२५ तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी स्वतंत्र बस आहेत, आणि शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलचं अनुदान आहे. तुमचा तालुका त्या यादीत आहे का ते हायस्कूलच्या कारकुनाला तोंडपाठ असतं.

मागासवर्गीय मुलींना पाचवीपासून सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती. अनुसूचित जातीच्या मुलींना पाचवी ते सातवी महिना ६० रुपये आणि आठवी ते दहावी १०० रुपये, वर्षातले दहा महिने. पहिली ते चौथीतल्या गरीब मागास कुटुंबांतल्या मुलींना उपस्थिती भत्ता, हजेरी लागेल त्या दिवसाचा एक रुपया. ही योजना १९९२ सालची. तेव्हा रुपयाला काहीतरी मोल होतं.

आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो. पोरांचं काय?

हंगामी वसतिगृह मागा. वसतिगृह म्हटलं तरी इमारत वगैरे नसते. मुलं गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहतात आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळा व्यवस्थापन समितीमार्फत मिळतं, टोळी परत येईपर्यंत. बीड, जालना, परभणी या पट्ट्यात ही पद्धत रुळलेली आहे. अडचण वेळेची होते. टोळी हलण्याआधी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, किती मुलं मागे राहणार याची यादी शाळेला करावी लागते. मुकादमाकडून उचल घेतली की त्याच आठवड्यात शाळेत जाऊन नाव सांगा.

घरी कोणी म्हातारं माणूस नसेल आणि पोर बरोबर न्यावंच लागत असेल, तर निघताना शिक्षण हमी कार्ड घ्या. मूल कितवीत आहे, त्याला काय येतं हे त्यावर असतं. कारखान्याच्या गावातल्या शाळेनं ते बघून त्याच वर्गात बसवून घ्यायचं असतं, दाखला न मागता. परत आल्यावर इथल्या पटावर त्याचं नाव असतंच. कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीवर, धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरलीला नेतात. तिचं वर्ष जातं, मग दुसरं जातं, आणि मग तिचं लग्न होतं. हे वाक्य मला लिहायचं नव्हतं, पण माझ्या रजिस्टरमध्ये अशी नावं आहेत.

मुलाला नीट ऐकू येत नाही, वर्गात मागे पडतो. विशेष शाळेतच घालावं का?

आधी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात जा, पंचायत समितीच्या आवारात किंवा जवळपास असतं. तिथे विशेष शिक्षक असतात. दर वर्षी तपासणी शिबिर होतं, केंद्र सरकारच्या एलिम्को या कंपनीतर्फे श्रवणयंत्रं, कॅलिपर, तीनचाकी असं साहित्य मिळतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात वाचन-लेखनाची अडचणही येते. 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवलेल्या कितीतरी पोरांची हीच गोष्ट असते. साध्या शाळेत, साध्या वर्गात बसण्याचा त्याला हक्क आहे. अंथरुणाला खिळलेल्या मुलासाठी शिक्षक घरी येऊन शिकवतात. दिव्यांगांचं वैश्विक ओळखपत्र लवकर काढून ठेवा; दहावीला तासामागे २० मिनिटं जादा, लेखनिक वगैरे सवलती त्याच्याशिवाय मिळताना दमछाक होते.

अभ्यासात बेताचा आहे, पण चित्रं छान काढतो. त्याला काही आहे का?

आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा. इंटरमिजिएटला 'ए' श्रेणी आली तर दहावीला ७ वाढीव गुण, 'बी'ला ५, 'सी'ला ३. खेळाडूंनाही जिल्हा, राज्य पातळीप्रमाणे गुण मिळतात. तालुका स्पर्धेची प्रमाणपत्रं जपून ठेवा. आणि घरात सारखं काहीतरी उघडून बघणारं पोर असेल तर केंद्र सरकारच्या 'इन्स्पायर अवॉर्ड' या विज्ञान-कल्पनांच्या योजनेला त्याची कल्पना पाठवायला विज्ञानाच्या शिक्षकांच्या मागे लागा. कल्पना निवडली गेली तर मॉडेल करायला १०,००० रुपये मुलाच्या खात्यावर येतात. शाळेला मोजक्याच कल्पना पाठवता येतात आणि बऱ्याच शाळा एकही पाठवत नाहीत.

आता पाचवीला नापास करतात म्हणे?

पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली आहे. नापास झालं तर जादा मार्गदर्शन आणि फेरपरीक्षा. तीही गेली तर त्याच वर्गात. शाळेतून काढून टाकता येत नाही.

एवढं सगळं असेल तर शाळेत शिक्षक का नाहीत?

खरा प्रश्न. पट कमी झाला की पदं कमी होतात, दोन शिक्षकांत चार वर्ग, त्यातला एक सारखा मीटिंगला किंवा ऑनलाइन माहिती भरायला. कायद्यानं प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक हवा. तुमच्या हातातलं हत्यार म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात ७५ टक्के पालक, निम्म्या बायका, अध्यक्ष पालकांतलाच. पण बऱ्याच गावांत समितीचं रजिस्टर घरोघर फिरून सह्या गोळा करतं. बैठकीला बसा, शिक्षकाच्या मागणीचा ठराव लिहून घ्या, त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आवक क्रमांक घेऊन द्या. तोंडी तक्रारीला आवक क्रमांक नसतो.

दोन शिक्षकांतही शाळा उभी राहते. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेत मोठी मुलं 'विषयमित्र' होऊन धाकट्यांना शिकवतात. २०२५ मध्ये त्या शाळेला जागतिक पातळीवरचा पुरस्कार मिळाला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेही जिल्हा परिषदेचेच. पण म्हणून तुमच्या वाडीवरची रिकामी जागा भरायची नाही, असा अर्थ कोणी काढू नये.

खासगी शाळेची फी थकली आहे, ते दाखला देत नाहीत. इकडे प्रवेश मिळेल का?

मिळेल. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि वर्षाच्या मध्यातसुद्धा घ्यावं लागतं. वयाप्रमाणे वर्ग देतात. उद्या सकाळी प्रार्थनेच्या वेळेला पोराला दप्तर घेऊन शाळेत न्या. जनरल रजिस्टरला नाव चढवून घ्या. दाखला मागवायचा तो मुख्याध्यापक मागवतील.